कुठल्या दिशेचा समुद्र

फोन स्पीकरवर होता आणि आई शेजारी बसून बिरड्याचे वाल सोलत होती. खोली कितीला, नाश्ता धरून की वेगळा, जेट्टीवर न्यायला गाडी येते का, बाबांना जिने चढवत नाहीत तर तळमजला मिळेल का, असं सगळं विचारून झालं. मी फोन ठेवणार एवढ्यात आई म्हणाली, "त्याला विचार गं, ओहोटीला पाणी किती लांब जातं?" मी हिंदीत विचारलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो मुलगा अगदी अदबीने म्हणाला, "मॅम, सी-फेसिंग रूम है. बाल्कनी से पूरा समंदर दिखता है." आईने वालाचं साल काढून ताटलीत टाकलं आणि पुढचा वाल उचलला. "दिसेल रे बाबा," ती स्वतःशीच म्हणाली, "पण असेल का तिथे?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. अंदमानची विमानाची तिकिटं काढून झाली होती. सेल्युलर जेलचा दिवस ठरला होता, त्यावर आमच्या घरात चर्चा होण्याचं कारणच नव्हतं. तिथून पुढे बोटीने हॅवलॉकला जायचं हेही नक्की होतं. (२०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, पण तिकीट देणाऱ्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे हॅवलॉकच म्हणतात.) अडलं होतं ते एकाच गोष्टीवर. बेटावर राहायचं कुठल्या किनाऱ्यावर? मी रात्री सगळे झोपल्यावर हॉटेलांचे फोटो बघत बसायचे. निळं पाणी, पांढरी वाळू, दोन माडांमध्ये बांधलेली झोळी. एक फोटो बघितला की दुसरा फिका वाटायचा, पाचसहा बघितले की सगळे एकच वाटायचे. आईच्या प्रश्नानंतर मात्र मला त्या फोटोंत एक गोष्ट दिसायला लागली. सगळ्या फोटोंमध्ये भरती होती. ऊन डोक्यावर, पाणी वाळूच्या कडेपर्यंत काठोकाठ, आणि ओहोटीचा एकही फोटो नाही. समुद्र दिवसातून दोनदा मागे जातो. त्या वेळी तिथे काय उरतं, हे कोणीच दाखवत नव्हतं.

आई हर्णैची. तिच्या माहेरच्या घरामागे वाडी, वाडीमागे पुळण आणि पुळणीच्या एका टोकाला खडप. ओहोटी लागली की आजी कोयती आणि टोपली घेऊन खडपावर कालवं फोडायला जायची, आणि आई तिच्यामागे. पाणी कधी फिरणार हे माहीत नसेल तर खडपावर जायचंच नाही, हा त्या घरचा पहिला नियम. त्यासाठी घड्याळ लागायचं नाही, पाऊणकी लागायची, म्हणजे पाऊणचा पाढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज तिथी कुठली? चतुर्थी. चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती पुरी, तिच्यापुढे सहा तासांनी ओहोटी पुरी. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. ज्या शाळकरी पाढ्याचा आमच्या पिढीला काडीचा उपयोग झाला नाही, तो तिच्यासाठी समुद्रात कधी पाय टाकायचा हे सांगणारा पाढा होता. मुंबईत लग्न होऊन आल्यावरही ती सवय गेली नाही. दादरला चौपाटीवर जायचं ठरलं की ती आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. "आत्ता गेलो तर वाळूच नसेल," असं म्हणायची, आणि खरंच नसायची. लाटा थेट कठड्याच्या पायथ्याशी आपटत असायच्या आणि भेळ घेऊन आलेली माणसं ओल्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेली असायची.

आम्हा बाकीच्यांचा भरतीशी संबंध येतो तो पावसाळ्यात. महापालिका दरवर्षी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस जाहीर करते, आणि त्या दिवशी जोराचा पाऊस झाला की पाणी निचरा व्हायला जागा नाही, हे आता शाळेतल्या मुलांनाही कळतं. दुसरा संबंध अनंत चतुर्दशीला. उरलेलं वर्षभर समुद्र आपल्या लेखी एका जागी असतो. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलं की तो समोर असतो, तेवढं पुरतं.

आणि तो असतो पश्चिमेला. मुंबईकराच्या डोक्यात समुद्र म्हणजे पश्चिम, हे इतकं पक्कं बसलेलं आहे की वेगळं सांगावं लागत नाही. गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, अक्सा, मढ, पार गोराईपर्यंत सगळ्या चौपाट्या मावळत्या सूर्याकडे तोंड करून. फिरायला जायचं ते संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. लाल गोळा पाण्याला टेकला की मुलांच्या अंगावरची वाळू झटकायची आणि स्टेशन गाठायचं. आपण मुळात बेटावरच राहतो, सात बेटं भरून एक केलेल्या बेटावर, आणि बेटाला चारी बाजूंनी पाणी असतं, पण पूर्वेचं पाणी आपलं कधी झालंच नाही. तिथे गोद्या आल्या, धक्के आले, तेलाच्या टाक्या आल्या, उंच भिंती आल्या. गेटवेला उभं राहिलं की आपण पूर्वेकडे बघत असतो, हे माझ्या कित्येक मैत्रिणींना सांगितल्यावर क्षणभर खरं वाटलेलं नाही.

बाबांचा समुद्र मात्र तोच. ते गोदीत होते. पहिल्या पाळीला पहाटे घरातून निघायचे आणि कामाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत पलीकडे घारापुरीच्या डोंगरामागे उजाडायला लागलेलं असायचं. लहानपणी मला शाळेच्या सुट्टीत त्यांनी एकदा भाऊच्या धक्क्यावर नेलं होतं, अगदी पहाटे. मासळीचा लिलाव चालू होता, पायाखाली बर्फाचं आणि माशांचं पाणी, होड्यांची नुसती गर्दी, डिझेलचा आणि बांगड्याचा मिळून झालेला एक वास. आणि त्या सगळ्याच्या मागे, पाण्यातून वर येणारा सूर्य. मला तो उलटा वाटला होता. सूर्य पाण्यात जातो हे मला ठाऊक होतं, पाण्यातून येतोही हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. बाबा बोलके नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "इथला समुद्र कामाचा आहे."

त्यामुळे हॅवलॉकचा नकाशा मी जेवणाच्या टेबलावर पसरला तेव्हा वाद होणार हे दिसतच होतं. त्या बेटावर किनाऱ्यांना नंबर आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना १९५० च्या दशकात तिथे जमिनी दिल्या गेल्या, त्यांनी जंगल मोडून भातशेती केली, सुपारी लावली, आणि गावांना नावं दिली ती गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. पण बोलण्यात नंबरच. तीन आणि पाच नंबर पूर्वेला, बोटीच्या धक्क्यापासून जवळ. राहण्याच्या बहुतेक जागा या पट्ट्यात. सात नंबर, म्हणजे राधानगर, बेटाच्या पश्चिमेला, मध्ये दहा-बारा किलोमीटरचा शेतीतून आणि जंगलातून जाणारा रस्ता. २००४ साली टाइम मासिकाने आशियातला सर्वांत सुंदर किनारा म्हटलं तो हाच, स्वच्छ किनाऱ्यांना मिळणारा ब्लू फ्लॅग २०२० मध्ये मिळालेल्यांतही हा आहे. तिथे राहायच्या जागा मोजक्याच आणि त्यांचे भाव ऐकून नवऱ्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

आईला सात नंबर हवा होता. सूर्य समुद्रात बुडताना दिसला पाहिजे, नाहीतर ती संध्याकाळ कसली, असं तिचं म्हणणं. बाबांना पूर्व हवी होती, पण ते "बघा तुम्हाला काय जमतं ते" एवढंच म्हणून उठले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी जाताना स्वतःची एक आवड धरावी आणि ती बोलूनही दाखवू नये, याचा मला त्रास होत होता. लेकीला पोहायचं होतं, दिवसभर. आणि मला? मला पहिल्या दिवशी विचारलं असतं तर म्हटलं असतं, शांतता. पण शांतता हे काही किनाऱ्याचं वर्णन नाही. ज्या किनाऱ्यावर खाली दगड आहेत, पाणी गेलेलं आहे आणि सावली नाही, तोही शांतच असतो.

मग मी ते सगळं नीट समजून घ्यायला बसले. फोटो बाजूला ठेवले. पहिली गोष्ट लक्षात आली ती उताराची. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार-साडेचार मीटरने वरखाली होते. अंदमानात ती जेमतेम दोन मीटरच्या आसपास. म्हणजे तिथे पाणी कमी जायला हवं, असं कोणालाही वाटेल. पण पाणी किती उतरतं यापेक्षा तळ किती सपाट आहे यावर ते किती लांब जाणार हे ठरतं. हॅवलॉकच्या पूर्वेला किनाऱ्यालगत प्रवाळाचं उथळ सपाट पठार आहे. तिथे पातळी मीटर-दीड मीटरने खाली गेली तरी समुद्र पार दूर जाऊन उभा राहतो आणि मधे खडक, प्रवाळाचे तुकडे, शेवाळ उघडं पडतं. राधानगरला तसं नाही. तिथे वाळूचा तळ हळूहळू खोल होत जातो, त्यामुळे भरती असो की ओहोटी, पाण्यात उतरता येतं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. बेटाच्या कुठल्या अंगाला लाटा उठणार हे महिन्यावर असतं. मे महिन्याच्या उत्तरार्धात नैऋत्य मोसमी वारे आधी अंदमानात पोहोचतात, मग आपल्याकडे. ते सुरू झाले की पश्चिमेचे किनारे खवळतात आणि पूर्वेला आडोसा मिळतो. ऑक्टोबरपासून वारा फिरतो आणि ईशान्येकडून येतो, तेव्हा पूर्वेच्या बाजूला पाणी हलतं. आम्ही जाणार होतो जानेवारीत, म्हणजे ईशान्येचा वारा बराच उतरलेला. तिसरी गोष्ट घड्याळाची. भारताची वेळ एकच, पण अंदमान मुंबईच्या किती तरी पूर्वेला. जानेवारीत आपल्याकडे सव्वासातला उजाडतं, तिथे सहाच्या आधी. आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य गेलेला. ज्यांना सकाळी आठला उठून मग आरामात समुद्र बघायचा आहे त्यांच्यासाठी पूर्वेचा सूर्योदय कधीच होऊन गेलेला असतो. बाबा आयुष्यभर चारला उठले.

नील बेटाचाही विचार झाला, लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर. पण परतीची बोट चुकली तर काय, यावर ते मागे पडलं.

शेवटी आम्ही पाच नंबरला राहायचं ठरवलं, आणि एक संध्याकाळ सात नंबरसाठी ठेवली. कारण पश्चिमेला राहून सूर्योदय बघायला पहाटे अंधारात बेट ओलांडावं लागलं असतं, पूर्वेला राहून सूर्यास्त बघायला दुपारी रिक्षा केली की झालं. मनात मात्र धाकधूक होती. लेकीला मी काय सांगणार होते, समुद्र सध्या बाहेर गेला आहे?

पोहोचलो त्या दुपारी सगळं फोटोतल्यासारखंच होतं. भरती नुकतीच पुरी होऊन गेली होती. वाळूवर आडवी वाढत गेलेली प्रचंड झाडं, तिथले लोक त्यांना महुआ म्हणतात, त्यांच्या फांद्यांना पाणी लागत होतं. त्या पाण्याचा रंग मी सांगायला जाणार नाही. लेक चप्पल काढायलाही थांबली नाही. संध्याकाळी अंधार लवकर पडला आणि प्रवासाने सगळे आठलाच आडवे झाले.

पहाटे मला जाग आली ती दाराच्या कडीच्या आवाजाने. बाबा बाहेर पडले होते, त्यांच्यामागून आई. मी शाल घेऊन गेले. पूर्वेला आभाळ राखाडी होऊन त्यात पिवळा रंग मिसळायला लागला होता, आणि खाली समुद्र नव्हता. होता, पण दूर, एका पांढऱ्या रेघेएवढा. आदल्या दिवशी जिथे लेक पोहत होती तिथे काळे-तपकिरी खडक, त्यांच्या मधे पाण्याची डबकी, ओल्या शेवाळाचा वास. शेजारच्या खोलीतलं एक तरुण जोडपं सूर्योदय बघायला आलं होतं. तो मुलगा दोन्ही हात कमरेवर ठेवून नुसता बघत राहिला आणि बायकोला म्हणाला, "पैसे पाण्यात गेले असते तरी चाललं असतं, इथे पाणीच नाही." मला त्याचं वाईट वाटलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणाला विचारायचं हेही ठाऊक नव्हतं.

आई तोवर खाली उतरली होती.

गुडघ्यांमुळे जी बाई आमच्या सोसायटीच्या तीन पायऱ्या कठडा धरून उतरते, ती हातात काठी घेऊन, जुन्या पट्ट्याच्या चपला घालून, दगडांमधल्या वाळूच्या पट्ट्यांवरून चालली होती. मी धावले. "प्रवाळावर पाय देऊ नकोस," मी ओरडले. "मला शिकवू नकोस," ती म्हणाली, "जिवंत दगड कुठला आणि मेलेला कुठला ते कळतं मला." मग एका डबक्यापाशी थांबून तिने मला बोलावलं. परातीएवढं डबकं, स्वच्छ पाणी, तळाशी वाळू. आधी मला काहीच दिसलं नाही. "थांब, हलू नकोस." मग एक शंख चालू लागला, आत खेकडा. त्याच्यापाठोपाठ दुसरा, नखाएवढा. दगडाखालून एका जिवाचे पाच बारीक केसाळ हात बाहेर आले, वाळू चाचपली आणि परत आत गेले. काळी, जाड, बोटभर लांबीची एक वस्तू मी काठी समजत होते, ती आकसली. निळ्या शेपटीचा एक मासा, शेंगदाण्यापेक्षा लहान, आपल्या दगडाभोवती फेऱ्या मारत होता आणि त्या शंखातल्या खेकड्यांना जवळ येऊ देत नव्हता. आम्ही दोघी ओणव्या उभ्या. माझी पाठ भरून आली, तिची नाही. बाजूला प्रवाळाचे पांढरे तुकडे पसरले होते, हाडांसारखे. २०१० साली समुद्राचं पाणी तापून अंदमानातली प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली, त्यानंतर सगळी काही सावरली नाहीत. आईने एक तुकडा उचलून अंगठ्याने चाचपला आणि होता तिथेच ठेवला. तिथून शंख, प्रवाळ काही आणता येत नाही, कायदा आहे, विमानतळावर सामान तपासतात. पण तिने कायद्यासाठी ठेवला असं मला वाटत नाही. खडपावरून लागेल तेवढंच घ्यायचं, ही तिच्या आईची शिस्त.

बाबा झाडाच्या आडव्या खोडावर बसून होते. सूर्य त्या पांढऱ्या रेघेच्या मागून वर आला. त्यांनी हात जोडले नाहीत, फोटो काढला नाही, कोणाला हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने मी शेजारी जाऊन बसले तेव्हा म्हणाले, "एकही बोट नाही." गोदीतल्या माणसाला रिकामा समुद्र बघून काय वाटत असेल, मी विचार करत राहिले. आनंद वाटत असेल की चुकल्यासारखं? त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

नाश्त्याच्या वेळेला आईची पाऊणकी सुरू झाली. आज चतुर्थी, म्हणजे तीनला भरती. पण काल तृतीयेला भरती पुरी झाली ती बाराच्या सुमाराला, असं खोल्या झाडणाऱ्या बंगाली बाईने सांगितलं. तिच्या तोडक्या हिंदीत आणि आईच्या तोडक्या हिंदीत त्या दोघींचं काय जमलं होतं कोण जाणे. तृतीयेला तीन पाऊणे सव्वादोन हवी. मग बाराला कशी? आई अस्वस्थ झाली. तिचं गणित आयुष्यात पहिल्यांदा चुकत होतं. तिने वाळूत काठी रोवली, पाणी चढत कुठवर येतं ते बघत महुआच्या सावलीत बसली, मधूनमधून माझ्याकडून वेळ विचारून घेत. पाऊणच्या सुमाराला पाणी थबकलं आणि मग अगदी किंचित मागे सरलं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. "पाढा तोच आहे," ती म्हणाली. "रोज पाऊण तास पुढे, तो तसाच. फक्त दोन तास आधी सुरू होतो इथे." तसंच आहे ते. चंद्र सगळीकडे सारखाच मागे पडतो, रोज पाऊण तासाहून थोडा जास्त. पण ओढलेलं पाणी कुठल्या किनाऱ्याला केव्हा पोहोचणार हे त्या किनाऱ्याच्या घडणीवर आणि समुद्राच्या खोलीवर ठरतं. प्रत्येक बंदराचं आपलं एक वजाबाकीचं किंवा बेरजेचं अंतर असतं. आईने ते एका काठीने काढलं. त्यानंतर लेकीचं पोहण्याचं वेळापत्रक आजीने ठरवलं, साडेदहा ते अडीच, आणि शेजारच्या त्या जोडप्यालाही तिने बोलावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो मुलगा बरोबर अकराला पाण्यात होता.

त्या चतुर्थीच्याच दुपारी, चारच्या आत आम्ही सात नंबरला पोहोचलो. रस्त्याच्या शेवटी दुकानांची ओळ, शहाळी, भजी, ओले कपडे वाळत घातलेले, मग उंच झाडांचं जंगल, आणि त्यातून बाहेर पडलं की एकदम तो लांबलचक रुंद किनारा. ओहोटी असूनही पाणी तिथेच, लाटा तिथेच, पायाखाली मऊ घट्ट वाळू. जे लिहितात ते खरं आहे, तो किनारा सुंदर आहे, त्याला नावं ठेवायला जागा नाही. लेक लाटांमध्ये लोळत होती. आणि माणसंही खूप होती, गुजराती, बंगाली, तमिळ, आपली मराठीही, सगळी एका दिशेला तोंड करून उभी. आईने पदर खोचला, वाळूत बसली, बाबांना शेजारी बसवलं. सूर्य उतरायला लागला तशी ती बोलायला लागली. गोदीतून बाबा कधीतरी लवकर सुटायचे तेव्हा दोघं शिवाजी पार्काच्या मागे चौपाटीवर कसे यायचे, एका शहाळ्यात दोन नळ्या कशा, आणि तिला तेव्हा हर्णैची इतकी आठवण यायची की समुद्राकडे बघवत नसे. हे मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. बाबा म्हणाले, "मला वाटायचं तुला आवडतं म्हणून तू गप्प असतेस." सूर्य गेला, जीवरक्षकांनी शिट्ट्या वाजवून सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं, आणि रिक्षांची एकच घाई उडाली.

आईचा त्या दिवशी संकष्टीचा उपास होता. कॅलेंडरातली मुंबईची चंद्रोदयाची वेळ तिथे लागू नाही हे तिच्या लक्षात आलं होतं, सूर्य लवकर तर चंद्रही लवकर. तासाभराहून आधीच, आठच्या पुढे, पाच नंबरच्या किनाऱ्यावर तो उगवला. दहिसरला आमच्याकडे चंद्र समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागून येतो, तोही वर आल्यावर कळतो. इथे तो पाण्यातून आला, तांबूस, एका बाजूने झिजलेला. भरती लागली होती. आईने वाटीत दूर्वा, अक्षता आणल्या होत्या, बॅगेत कुठे ठेवल्या होत्या देव जाणे. बाबांनी तिला हात धरून पाण्याच्या कडेपर्यंत नेलं. हे सगळं पश्चिमेला राहिलो असतो तर दिसलं नसतं, हा विचार तेव्हा आला खरा. तसाच हाही आला की पश्चिमेला राहिलो असतो तर आईला रोज संध्याकाळी बोलायला काहीतरी सुचलं असतं. दोन्ही मिळत नाही. बेट कितीही लहान असलं तरी मिळत नाही.

परत आल्यापासून आमच्याकडे चौकशीला माणसं येतात. "कुठला बीच चांगला?" असा प्रश्न असतो आणि त्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं. मला ते देता येत नाही. कोण कोण जाताय, कुठल्या महिन्यात, सकाळी किती वाजता उठता, बरोबर लहान मूल आहे का, पोहायचं आहे की नुसतं बसायचं आहे, असं विचारत गेलं की समोरचा माणूस कंटाळतो. फोटो पाठवा, म्हणतो. आई कंटाळत नाही. परवा वरच्या मजल्यावरचा मुलगा आला होता, नुकतंच लग्न झालेला. तिने त्याला बसवलं, खिळ्यावरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, चष्मा लावला.

"पोहोचताय त्या दिवशी दशमी," ती म्हणाली. "दहा पाऊणे साडेसात, त्यातून दोन गेले, साडेपाच. म्हणजे पूर्वेला राहिलात तर दुपारी पाणी नाही, पहाटे नाहीतर संध्याकाळी. बायको लवकर उठते का रे?"

"नाही, काकू."

"मग सात नंबरला राहा. महाग आहे, पण तुम्हाला तोच."